इंग्रजीच्या वाटेने डॅनिश: पदक्रम, उपपद आणि सर्वनामे

डॅनिश भाषापंडित रास्मुस रास्क (१७८७–१८३२) रशिया आणि इराण ओलांडून १८२० साली मुंबईस पोहोचला, तो मुख्यतः पारशी धर्मग्रंथांच्या भाषेचा आणि हस्तलिखितांचा शोध घेण्यासाठी. १८२३ मध्ये तो कोपनहेगनला परतला. पुढे १८३० मध्ये त्याने आपल्या मातृभाषेचे एक व्याकरण प्रसिद्ध केले. पण ते डॅनिशमध्ये नव्हे, तर इंग्रजांच्या उपयोगासाठी म्हणून इंग्रजीत लिहिलेले होते. योगायोग असा की, विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली ज्या श्रीरामपुरात छापले गेले, ते हुगळीकाठचे गाव तेव्हा डॅनिश अमलाखाली होते आणि फ्रेडरिक्सनगर या नावाने ओळखले जात होते. तेही व्याकरण इंग्रजीतच होते. डॅनिश आणि मराठी या दोन भाषा एकमेकींच्या इतक्या जवळून गेल्या, तरी दोहोंच्या मधे इंग्रजी उभी होती. ती आजही उभी आहे.

भारतीय विद्यापीठांत तौलनिक साहित्याचा अभ्यासक ज्या डॅनिश लेखकांपर्यंत जातो (अँडरसन, किर्केगार्ड, आणि १८७१ च्या कोपनहेगन येथील व्याख्यानांमुळे या विद्याशाखेच्या इतिहासात ज्याचे नाव घ्यावेच लागते तो गेओर्ग ब्रांडेस) त्यांच्यापर्यंत तो बहुधा इंग्रजीतूनच जातो. मराठी रंगभूमीचे उदाहरण अधिक जवळचे आहे. ‘नाट्यमन्वंतर’ने १९३३ साली रंगभूमीवर आणलेले श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे ब्योर्नसनच्या ‘एन हान्स्के’ (१८८३) या नाटकावर आधारलेले आहे; अनंत काणेकरांच्या ‘घरकुल’चे मूळ इब्सेनच्या ‘एट डुक्केह्येम’ (१८७९) या नाटकात आहे. हे दोन्ही लेखक नॉर्वेचे. परंतु त्या काळी नॉर्वेतील सुशिक्षितांची लेखनभाषा डॅनिशच्या अगदी निकट होती आणि इब्सेनची नाटके प्रसिद्ध होत ती कोपनहेगनच्या ग्युल्डेन्डाल या प्रकाशनसंस्थेकडून. मराठीला ही नाटके मिळाली ती इंग्रजीच्या वाटेने.

मूळ संहितेकडे वळू इच्छिणाऱ्या अभ्यासकाच्या हाती डॅनिशचे जे व्याकरण पडते, तेही रास्कच्या पुस्तकाच्याच जातीचे, म्हणजे इंग्रजी भाषकासाठी लिहिलेले असते. अशा व्याकरणात कोणती गोष्ट सोपी आणि कोणती अवघड ठरते, हे डॅनिशवर जितके अवलंबून असते त्याहून अधिक इंग्रजीवर अवलंबून असते. इंग्रजीने काळाच्या ओघात जे भेद गमावले, त्यांची नोंद तेथे ‘अडचण’ म्हणून होते. जे तिने राखले, ते ‘स्वाभाविक’ ठरते. मराठी वाचक हे पुस्तक उघडतो तेव्हा इंग्रजी भाषकाच्या अडचणी आणि सोयी दोन्ही उसन्या घेतो. त्यांतील कोणत्या आपल्या आहेत आणि कोणत्या नाहीत, याची छाननी होणे आवश्यक आहे.

पुढील विवेचनात डॅनिश शब्द देवनागरीत देताना शक्यतो त्यांच्या लेखनाला धरून दिले आहेत. उच्चार पुष्कळदा निराळा असतो. ‘मी’ या अर्थाचा ‘येग’ हा शब्द प्रत्यक्षात ‘याय’सारखा ऐकू येतो, ‘हून’ (ती) आणि ‘हुन्ड’ (कुत्रा) यांत शेवटचा ‘ड’ मुळीच उच्चारला जात नाही, आणि दोहोंतील भेद राहतो तो केवळ घशातल्या एका सूक्ष्म अडखळीचा. लिखित आणि उच्चारित रूपांतील हे अंतर शिकणाऱ्याला फार छळते. तथापि येथे प्रश्न वाचनाचा आहे, म्हणून ध्वनिविचार बाजूला ठेवला आहे.

सोपेपणाचा भास

पहिल्या काही धड्यांत इंग्रजी भाषकाला डॅनिश घरचीच वाटते. क्रियापदाला पुरुष-वचनाचा विकार नाही: येग एर, डू एर, हान एर, वी एर, मी, तू, तो आणि आम्ही या सर्वांना ‘असणे’चे एकच रूप. वर्तमानकाळी बहुतेक क्रियापदांच्या अंती ‘र’ येतो आणि तेवढ्याने काम भागते. अनियमित क्रियापदेदेखील ओळखीची निघतात. ‘पिणे’ची ड्रिक्के, ड्राक, ड्रुक्केट ही रूपे ज्याला इंग्रजीतील ड्रिंक, ड्रँक, ड्रंक पाठ आहेत त्याला वेगळी शिकवावी लागत नाहीत. शब्दसंग्रहाचे नाते तर इतिहाससिद्ध आहे. व्हायकिंगांच्या वसाहतींमधून उत्तरेकडील भाषेचे कितीतरी शब्द इंग्रजीत उतरले. तृतीयपुरुषी अनेकवचनी सर्वनाम ‘दे’ हेही त्यांतलेच. ‘विंडो’ आणि डॅनिश ‘विन्डुए’ हे दोन्ही ‘वाऱ्याचा डोळा’ अशा अर्थाच्या एकाच जुन्या समासातून आलेले आहेत.

हा आप्तभाव फसवाही आहे. डॅनिश ‘स्क्यू’ म्हणजे आकाश नव्हे, ढग. इंग्रजीने ढगाचा शब्द घेऊन तो आभाळाला दिला. ‘गिफ्ट’चा अर्थ भेटवस्तू नसून संदर्भानुसार ‘विवाहित’ किंवा ‘विष’ असा होतो, आणि त्यावर डॅनिश लोक करायचे ते विनोद करून चुकले आहेत. समीक्षापर लेखन वाचणाऱ्याने अधिक सावध राहावे ते ‘एव्हेन्टुएल्ट’सारख्या शब्दांपाशी: त्याचा अर्थ ‘अखेरीस’ नसून ‘कदाचित, तशी वेळ आल्यास’ असा आहे. मराठी वाचकाच्या बाबतीत या साऱ्या सोयी आणि हे सारे सापळे इंग्रजीच्या ज्ञानातून येतात. त्याच्या मातृभाषेचा येथे काही संबंध नाही.

क्रियापदाच्या एका बाबतीत मात्र तो येतो. इंग्रजीत ‘वाचतो’ आणि ‘वाचत आहे’ यांसाठी दोन निरनिराळी रूपे सक्तीची आहेत; डॅनिशमध्ये ‘हान लेसेर’ या एकाच रूपाने दोन्ही अर्थ व्यक्त होतात. क्रिया चालू आहे हे मुद्दाम सांगायचे झाल्यास डॅनिश भाषक शरीराच्या स्थितीचे क्रियापद जोडीला घेतो: ‘हान सिडेर ओग लेसेर’, शब्दशः ‘तो बसतो आणि वाचतो’. उभ्याने चाललेल्या कामासाठी ‘उभे राहणे’, पडून चाललेल्यासाठी ‘पडणे’. इंग्रजी अनुवादात हे बसणे-उठणे सहसा गळून जाते, आणि इंग्रजी व्याकरणात ते एखाद्या टिपेत गौण विशेष म्हणून येते. ‘तो वाचत बसला आहे’ असे रोज म्हणणाऱ्या मराठी माणसाला ते समजावून देण्याची गरज नाही. फक्त इतके ध्यानी ठेवावे की, मराठीत ‘बसणे’ हे तल्लीनतेकडे किंवा कालापव्ययाकडे झुकते, तर डॅनिशमध्ये निवडलेले क्रियापद त्या माणसाच्या प्रत्यक्ष स्थितीशी बरेचसे जुळावे लागते.

क्रियापदाचे दुसरे स्थान

डॅनिश वाक्याचा कणा एका नियमात आहे. प्रधान विधानवाक्यात काळवाचक क्रियापद नेहमी दुसऱ्या स्थानी येते. दुसऱ्या स्थानी म्हणजे दुसरा शब्द म्हणून नव्हे, तर दुसरा घटक म्हणून. पहिल्या घटकाची जागा कर्त्याने घेतली तर वाक्य इंग्रजीसारखेच दिसते:

हान लेसेर बोगेन इ डाग. (तो वाचतो पुस्तक आज.)

परंतु ‘आज’ हा शब्द आरंभी आणताच कर्त्याला क्रियापदाच्या पलीकडे सरकावे लागते:

इ डाग लेसेर हान बोगेन. (आज वाचतो तो पुस्तक.)

इंग्रजी भाषकाची बहुतेक पहिली चूक येथेच होते. तो ‘आज’ आरंभी ठेवतो आणि त्यानंतर सवयीने कर्ता, मग क्रियापद असा क्रम लावतो. डॅनिश कानाला असे वाक्य तत्काळ परके वाटते. इंग्रजीत कर्ता-क्रियापद ही जोडी घट्ट बांधलेली आहे. तिच्या आधी काहीही आले तरी ती फुटत नाही. जुन्या इंग्रजीत अशी स्थिती नव्हती. तेथेही क्रियापद पुष्कळ अंशी दुसऱ्या स्थानी येत असे, आणि ‘नेव्हर हॅव आय सीन’ यासारख्या रचनांत त्याचे अवशेष उरले आहेत. म्हणजे इंग्रजी भाषक डॅनिशमध्ये जे शिकतो ते त्याच्या भाषेने सोडून दिलेले आहे.

मराठी भाषकाला येथे फारशी मदत नाही. मराठीचे क्रियापद स्वभावतः वाक्याच्या अंती येते. भारतीय भाषांमध्ये दुसऱ्या स्थानाचा असा नियम सुस्पष्टपणे दिसतो तो काश्मिरीत. म्हणून काश्मिरीचा अभ्यासक डॅनिश वाक्यासमोर कदाचित सर्वांत कमी बिचकेल. जर्मन शिकलेला अभ्यासकही प्रधान वाक्यात निर्धास्त असतो. त्याची फसगत पुढे, गौण वाक्यात होते.

वाक्यातील उरलेल्या जागांचे चित्र पॉल डीडेरिक्सेन याने १९४६ च्या आपल्या डॅनिश व्याकरणात मांडले, आणि डॅनिश भाषेच्या अध्यापनावर त्याचा दीर्घकाळ प्रभाव राहिला. त्याच्या मते वाक्य म्हणजे ठरलेल्या घरांची एक रांग होय. पहिले घर आरंभाचे. तेथे कर्ता, कर्म, काल, स्थल यांपैकी कोणताही एक घटक बसू शकतो. त्यानंतर काळवाचक क्रियापदाचे, मग (आरंभी बसला नसल्यास) कर्त्याचे, मग ‘इक्के’ म्हणजे ‘नाही’ यासारख्या वाक्यव्यापी अव्ययाचे घर. तेथून पुढे उरलेले क्रियापद, कर्म, आणि शेवटी कालस्थलवाचक पदे. पुढील तीन वाक्यांत घरे तीच आहेत, बदलला आहे तो केवळ पहिल्या घरातला रहिवासी:

हान विल इक्के लेसे बोगेन नू.
नू विल हान इक्के लेसे बोगेन.
बोगेन विल हान इक्के लेसे नू.

तिन्हींचा स्थूल अर्थ ‘तो आत्ता पुस्तक वाचणार नाही’ हाच. इंग्रजी अनुवादक तिन्ही वाक्ये बहुधा एकाच साच्यात ओततो, कारण कर्म आरंभी आणलेले इंग्रजी वाक्य फार नाटकी वाटते. डॅनिशमध्ये ते तसे वाटत नाही. पहिले घर हे तेथे वाक्याला मागच्या वाक्याशी जोडण्याचे नेहमीचे साधन आहे. मराठीत तिसऱ्या वाक्याचा भाव ‘पुस्तक काही तो आत्ता वाचणार नाही’ असा अनायास उतरतो. दुसऱ्याचा ‘आत्ता तरी तो पुस्तक वाचणार नाही’ असा. इंग्रजी प्रत समोर ठेवून अनुवाद करणाऱ्याला मात्र मूळ लेखकाने कोणते घर कोणाला दिले होते हे कळण्याची सोय नसते. परिच्छेदाचा ओघ आरंभघरांच्या क्रमावर चालतो हे लक्षात घेता, ही हानी किरकोळ म्हणता येणार नाही.

डॅनिश नामांना षष्ठीवाचक ‘स’खेरीज विभक्तिप्रत्यय नाहीत; विकार उरला आहे तो सर्वनामांत. यामुळे काही ठिकाणी केवळ जागेवरूनच कर्ता ओळखावा लागतो. ‘पेटर हार सेट आना’ म्हणजे पेटरने आनाला पाहिले आहे. ‘पेटर हार आना सेट’ म्हणजे मात्र आनाने पेटरला पाहिले आहे, कारण येथे ‘आना’ कर्त्याच्या घरात आहे आणि पेटर हे कर्म असून आरंभी आले आहे. साध्या भूतकाळात ही खूण नाहीशी होते. ‘व्हेम सो पेटर?’ या प्रश्नाचे ‘पेटरला कोणी पाहिले?’ आणि ‘पेटरने कोणाला पाहिले?’ असे दोन्ही अर्थ होऊ शकतात, आणि संदर्भावाचून निवाडा करता येत नाही. ‘ने’ आणि ‘ला’ यांच्या आधारावर वाढलेल्या वाचकाला ही अवस्था काहीशी निराधार वाटणे साहजिक आहे.

‘इक्के’चे घर हेच गौण वाक्याची किल्ली आहे. ‘हान कोमेर इक्के’ म्हणजे ‘तो येत नाही’. येथे नकार क्रियापदानंतर येतो, आणि इंग्रजीला नकारासाठी लागणारे ‘डू’ हे सहायक क्रियापद डॅनिशला लागत नाही. हेच विधान गौण झाले की क्रम उलटतो:

हान सिगेर, आट हान इक्के कोमेर. (तो म्हणतो की, तो नाही येत.)

गौण वाक्यात नकार क्रियापदाच्या आधी जातो. जर्मनप्रमाणे क्रियापद थेट वाक्याच्या शेवटी जात नाही. कर्म आणि इतर पदे त्याच्यानंतरच राहतात. जर्मन शिकलेल्या अभ्यासकाची फसगत होते ती येथे. आणखी एक बारकावा असा की, कर्म हे आघातरहित सर्वनाम असेल तर ते ‘इक्के’च्याही आधी सरकते: ‘येग लेसेर इक्के बोगेन’ (मी पुस्तक वाचत नाही), पण ‘येग लेसेर डेन इक्के’ (मी ते वाचत नाही).

कथनमीमांसेच्या अभ्यासकांना या नियमाचा अपवाद अधिक मोलाचा वाटावा. ‘आट’ म्हणजे ‘की’. त्याच्यानंतर येणारे वाक्य गौण असल्याने गौण वाक्याचाच क्रम अपेक्षित असतो. परंतु बोलीत, आणि बोलीच्या जवळ जाणाऱ्या गद्यात, सांगितलेली गोष्ट ठासून सांगायची असेल तर ‘आट’नंतरही प्रधान वाक्याचा क्रम येतो. म्हणजे वाक्य व्याकरणाने निवेदकाच्या ताब्यात असते आणि पदक्रमाने पात्राच्या तोंडी. मराठीत ‘की’नंतर पात्राचे उद्गार जवळजवळ जसेच्या तसे ठेवता येतात, त्यामुळे हा परिणाम मराठीत साधणे शक्य आहे. इंग्रजीच्या चाळणीतून मात्र तो क्वचितच खाली येतो.

नामाला चिकटलेले उपपद

मराठीला उपपद नाही. इंग्रजीला आहे, पण ते नामाच्या आधी आणि सुटे. डॅनिशमध्ये अनिश्चित उपपद आधी येते, निश्चित उपपद नामाला शेवटी चिकटते: एन बोग (एक पुस्तक), बोगेन (ते पुस्तक), एट हुस (एक घर), हुसेट (ते घर), अनेकवचनी हुसे (घरे), हुसेने (ती घरे). विशेषण लागले की हे चिकटलेले उपपद गळते आणि त्याच्या जागी सुटे उपपद पुढे येते: डेन स्टोरे बोग, डेट स्टोरे हुस. स्वीडिशमध्ये अशा वेळी दोन्ही ठेवतात. डॅनिश एकावर समाधान मानते. पश्चिम जटलंडच्या बोलीत तर उपपद इंग्रजीप्रमाणे नेहमी नामाच्या आधीच येते. प्रमाणभाषेच्या व्याकरणावरून एखाद्या भाषेचा ‘स्वभाव’ ठरवण्याची घाई करू नये, यासाठी हे उदाहरण पुरेसे आहे.

लिंगे दोन. जुने पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकत्र होऊन झालेले सामान्यलिंग आणि दुसरे नपुंसकलिंग. सुमारे तीन चतुर्थांश नामे सामान्यलिंगी आहेत. कोणते नाम कोणत्या लिंगाचे, याला भरवशाचा नियम नाही, आणि इंग्रजी भाषकाची यावरची तक्रार मोठी असते. विशेषणही लिंगवचनानुसार बदलते: एन स्टोर बोग, एट स्टोर्ट हुस, स्टोरे हुसे. ज्याच्या भाषेत ‘मोठा, मोठी, मोठे’ हा विकार आहे आणि टेबलाचे लिंग का हे विचारण्याची सोय नाही, त्याने या तक्रारीत सामील होण्याचे कारण नाही. त्याची खरी अडचण निराळी आहे: निश्चित आणि अनिश्चित यांतला भेद प्रत्येक नामागणिक करावा लागणे. या बाबतीत इंग्रजीचा अभ्यास त्याला उपयोगी पडतो, हे मान्य केले पाहिजे.

‘आपला’ आणि ‘त्याचा’

इंग्रजी भाषकासाठी लिहिलेल्या डॅनिश व्याकरणात पुढील दोन वाक्यांसारखी जोडी सहसा आढळते:

हान एल्स्केर सिन कोने.
हान एल्स्केर हान्स कोने.

दोन्हींचे इंग्रजी भाषांतर एकच होते. पहिल्या वाक्यात मात्र तो आपल्या बायकोवर प्रेम करतो, आणि दुसऱ्यात दुसऱ्या कोणाच्या तरी. ‘सिन’ हे सर्वनाम त्याच वाक्यातील कर्त्याकडे वळते. ‘हान्स’ कर्त्याखेरीज दुसऱ्या पुरुषाकडे. ‘सिन’चे रूप मालकीच्या वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे सिन, सिट, सिने असे बदलते, जसे ‘आपला, आपली, आपले’. कर्ता अनेकवचनी असेल तर मात्र डॅनिश हा भेद सोडून देते आणि दोन्ही अर्थांना ‘डेरेस’ वापरते.

इंग्रजी भाषकाला यासाठी कर्ता शोधण्याची एक नवी सवय लावून घ्यावी लागते. मराठी भाषकाच्या हाडात ती असते. किंबहुना मर्यादाही सारख्याच आहेत: ‘तो आणि त्याची बायको आले’ या वाक्यात, षष्ठ्यंत सर्वनाम स्वतःच कर्त्याचा भाग असल्याने, मराठीत ‘आपली’ चालत नाही आणि डॅनिशमध्ये ‘सिन’ चालत नाही. मराठीचा ‘आपला’ अधिक व्यापक आहे खरा. तो प्रथमपुरुषाकडेही वळतो, शिवाय आदरार्थी आणि समावेशकही होतो. ‘सिन’ केवळ तृतीयपुरुषी एकवचनाचा. पण गाभा एकच.

दोन पुरुषांची गोष्ट सांगणारा डॅनिश निवेदक नावे न घेता पाने भरू शकतो, कारण पत्र कोणाचे, खोली कोणाची, बहीण कोणाची हे एका लहानशा सर्वनामाने ठरत जाते. इंग्रजी अनुवादकाला तेथे एकतर नाव घालावे लागते किंवा संदिग्धता पत्करावी लागते. आणि मराठी अनुवादक त्या इंग्रजी संदिग्धतेपुढे येऊन थांबतो: ‘आपल्या’ लिहावे की ‘त्याच्या’? त्याच्या भाषेत उत्तराची जागा तयार आहे, मूळ संहितेत उत्तर लिहिलेले आहे, आणि तरी त्याला अंदाज करावा लागतो. बरेचदा तो दोन्हीकडे ‘त्याच्या’ लिहून मोकळा होतो.

नात्यांच्या शब्दांची गोष्ट अशीच. डॅनिशमध्ये ‘मोस्टर’ म्हणजे आईची बहीण, ‘फास्टर’ म्हणजे वडिलांची. ‘मोरमोर’ आईची आई, ‘फारमोर’ वडिलांची. इंग्रजीत यांतले पहिले दोन एका शब्दात बुडतात आणि नंतरचे दोन दुसऱ्या. ‘मोस्टर’ हा ‘आई’ आणि ‘बहीण’ यांचा आखडलेला समास आहे, आणि ‘मावशी’ हा संस्कृत ‘मातृष्वसा’चा. दोन्ही शब्दांची घटकपदे मुळात सगोत्र आहेत. संख्यावाचकांत तर साम्य चकित करणारे आहे. पन्नासाला डॅनिशमध्ये ‘हाल्वट्रेड्स’ म्हणतात. ते पूर्ण रूपाचे संक्षिप्त रूप असून त्याचा अर्थ ‘अर्धा-तिसरा गुणिले वीस’ असा आहे. अर्धा-तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा, अर्थात अडीच. अडीच विसा पन्नास. इंग्रजी पुस्तकांत हे डॅनिशचे वेडगळ अंकगणित म्हणून येते. परंतु ‘अडीच’ हा शब्दच मुळी ‘अर्धतृतीय’ यापासून झालेला आहे, आणि विसाने मोजण्याची रीत ग्रामीण मराठीला परकी नाही. ‘पंचवीस’ला डॅनिशमध्ये ‘पाच आणि वीस’ म्हणतात, एकक आधी आणि दशक नंतर, तेही मराठीसारखेच.

जुन्या संहिता आणि संबोधन

आजवरचे नियम आजच्या डॅनिशचे झाले. एकोणिसाव्या शतकातील ग्रंथ त्यांच्या मूळ छापात उघडल्यास काही गोष्टी वेगळ्या दिसतात. १९४८ च्या लेखनसुधारणेपूर्वी सर्व नामांची आद्याक्षरे मोठी लिहिली जात, आणि ‘ओ’सारख्या उच्चाराच्या स्वरासाठी आजचे एक अक्षर नसून ‘ए’ हे रोमन अक्षर दोनदा येई. क्रियापदाला वचनाचा विकार नाही हे विधानही किर्केगार्डच्या पानावर खोटे ठरते: तेथे ‘मी आहे’ला ‘एर’, पण ‘आम्ही आहोत’ला ‘एरे’ असे अनेकवचनी रूप सापडते. बोलीतून ते नाहीसे होत गेले होते. लेखनाने ते धरून ठेवले होते.

याहून महत्त्वाचा फरक संबोधनाचा आहे. ‘डू’ म्हणजे तू आणि आदरार्थी ‘डे’ म्हणजे तुम्ही, हा भेद डॅनिश समाजातून १९७० च्या दशकापासून झपाट्याने मागे पडला. त्यामुळे आजची पाठ्यपुस्तके ‘डे’ला दोन ओळींत निरोप देतात. इंग्रजी भाषकाला यात सुटल्याचाच आनंद होतो. एकोणिसाव्या शतकातील नाटक वाचणाऱ्याला मात्र त्या दोन ओळी पुरत नाहीत.

‘एट डुक्केह्येम’मध्ये बँकेचा नवा व्यवस्थापक हेल्मर हा क्रोगस्टाडला नोकरीवरून काढू पाहतो. क्रोगस्टाडने पूर्वी केलेली लबाडी हे त्याचे सांगण्याचे कारण. पण नोरा आग्रह धरते तेव्हा मनातले कारण बाहेर पडते. तारुण्यात दोघांची मैत्री होती, त्या काळापासून ते एकमेकांना ‘डू’ म्हणत आले, आणि हा माणूस आता चारचौघांसमोरही तसेच संबोधतो. हेल्मरला ते असह्य होते. इंग्रजीत ‘यू’ एकच असल्याने अनुवादकांना येथे पळवाट शोधावी लागते. कोणी जुनाट ‘दाउ’चा आधार घेतो, कोणी नावाने हाक मारल्याची तक्रार करवतो, कोणी दोस्तीच्या लकबीवर भागवतो. त्यामुळे हेल्मरचा राग पोरकट वाटू लागतो. मराठीत या तक्रारीला दोन शब्द पुरतात: तो मला अरे-तुरे करतो. कचेरीत साहेब झालेल्या माणसाला जुन्या सोबत्याचे अरे-तुरे का बोचते, हे मराठी प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. नोरा ही कारणे क्षुद्र ठरवते. त्या एका शब्दाने हेल्मर दुखावतो, आणि बडतर्फीचे पत्र तत्क्षणी मोलकरणीच्या हाती रवाना होते.